पहिल्या फ्रीडायव्हिंग फिन्स घेताना: आधी पाऊल, मग पातं

अंदमानात किंवा बालीला फ्रीडायव्हिंगचा, म्हणजे टाकीशिवाय, श्वास रोखून खोल बुडी मारण्याचा, पहिला कोर्स करून आलेला माणूस घरी पोचायच्या आतच फिन्स, म्हणजे पायात घालायची लांब पाती, शोधायला लागतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कार्बनच्या पात्याची घेऊ का?" प्रश्न वाईट नाही, पण तो शेवटी विचारायचा. त्याआधी आपण कुठल्या पाण्यात जाणार, पाऊल कसं आहे आणि पातं किती कडक हवं, हे तीन प्रश्न येतात. हा क्रम उलटला की महागडी फिन कपाटावर पडून राहते आणि तिचा मालक डाइव्ह सेंटरची भाड्याची फिन घालून पाण्यात उतरतो. बऱ्याच जणांचं हे असंच झालेलं पाहिलं आहे, म्हणून हा लेख त्याच क्रमानं लिहितो. ज्यांनी अजून कोर्स केलेला नाही त्यांनी वाचावं जरूर, खरेदी मात्र कोर्सनंतर. कोर्समध्ये सेंटर फिन्स देतंच, आणि त्या दोन-तीन दिवसांत तुमच्या पायांबद्दल जे कळतं ते कुठल्याही वेबसाइटवर कळणार नाही.

लांब फिन कशासाठी

पायाला पाती बांधून पोहायची हौस जुनी आहे. आजच्या रबरी फिनशी थेट नातं सांगणारं पेटंट फ्रेंच नौदलातले अधिकारी लुई द कॉर्लियू यांनी 1933 मध्ये घेतलं. पुढे स्कूबाच्या फिन्स एका दिशेनं गेल्या आणि फ्रीडायव्हिंगच्या दुसऱ्या. स्कूबावाल्याच्या पाठीवर टाकी असते, तो आडवा, सावकाश फिरतो आणि हवा हवी तेवढी घेतो. त्याला आखूड, रुंद, दणकट फिन चालते. श्वास रोखून खाली जाणाऱ्याकडे ऑक्सिजन मोजका असतो, आणि मांड्यांचे मोठे स्नायू तो भराभर संपवतात. म्हणून त्याची फिन लांब, एकूण साधारण 80 ते 100 सेंटीमीटर. सावकाश मारलेल्या एका किकमध्ये जास्त पाणी मागे लोटायचं आणि मोजक्या किकमध्ये काम भागवायचं, हा तिचा हेतू. पातं किकबरोबर वाकतं, वाकताना जोर साठवतं आणि सरळ होताना तो परत देतं.

पाण्याखाली हा जोर सारखा लागत नाही. पृष्ठभागावर छातीतली हवा आणि वेटसूट (अंगात घालायचा जाड रबरी पोशाख) तुम्हाला वर ढकलत असतात. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो आणि फुप्फुसातली हवा निम्म्या जागेत मावते. कमरेच्या पट्ट्यातलं शिशाचं वजन नीट जमवलेलं असेल तर याच सुमारास किंवा थोडं खाली शरीर ना वर ओढलं जातं ना खाली, आणि त्यापुढे ते आपोआप बुडू लागतं. म्हणजे जाताना पायांचं खरं काम पहिल्या दहा-बारा मीटरचं. येताना उलटं: तळातून निघतानाचे पहिले किक जड जातात आणि शेवटचे काही मीटर पाणीच तुम्हाला वर आणतं.

पहिल्या स्तराच्या कोर्सची खोली 20 मीटरच्या आतबाहेरच असते. एवढ्यासाठी कुठलीही धड लांब फिन पुरते. न्यूझीलंडचा विल्यम ट्रब्रिज 2016 मध्ये बहामाजच्या डीन्स ब्लू होलमध्ये फिन्स न घालता, नुसते हातपाय मारत 102 मीटर खाली जाऊन आला. तुम्हाआम्हाला त्याची बरोबरी करायची नाही. पण "फिन्स साध्या आहेत म्हणून 15 मीटरला अडकलोय" असं म्हणणाऱ्यानं हा आकडा आठवावा. 15 मीटरला अडतं ते बहुतेक वेळा कान मोकळे न होण्यानं.

पहिली पायरी: कुठल्या पाण्यात जाणार?

हे कागदावर लिहून काढा. वर्षातून एकदा हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, किंवा लक्षद्वीपला जाणार आणि बाकीचे महिने गावातल्या पोहण्याच्या तलावात सराव करणार, असं असेल तर फिन तलावाच्या हिशेबानं घ्यावी लागते. आपल्याकडचे बरेच तलाव 25 मीटरचे, लेनमध्ये गर्दी, वळताना पातं टाइल्सना घासतं. कित्येक ठिकाणी लांब फिन्सना परवानगीच नसते, तेव्हा घेण्याआधी व्यवस्थापकाला विचारा. परवानगी मिळालीच तर प्लास्टिकची फिन बिनधास्त वापरता येते. कार्बनचं पातं टाइलवर आपटलं की आपल्याच काळजात धस्स होतं.

मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला जाणाऱ्यांनी वेगळा विचार करावा. तिथे पाणी गढूळ असायचा संभव जास्त, खोली कमी, तळाशी खडक आणि वाळू. मीटरभर लांब पात्यानं तळातली वाळू उडते आणि होती ती दृश्यताही जाते. नुसतं स्नॉर्केलिंग आणि चार-पाच मीटरच्या बुड्या मारायच्या असतील तर मध्यम लांबीची, बंद टाचेची साधी फिन बरी. लांब फिनचं चीज होतं ते अंदमान, लक्षद्वीप, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी अशा मोकळ्या, स्वच्छ आणि खोल पाण्यात, तेही बॉय (पाण्यावर तरंगणारा फुगा) आणि त्याला बांधलेली दोरी लावून सरावाला उतरणाऱ्याचं.

आणखी एक भानगड. ऑनलाइन शोधलं की निम्म्या लांब फिन्स हिरव्या-करड्या चट्ट्यापट्ट्यांच्या दिसतात. त्या भाल्यानं मासे मारणाऱ्यांसाठी काढलेल्या असतात. त्यातल्या काही उत्तम असतात, पण पुष्कळदा पातं जास्त कडक असतं, कारण त्या माणसाला तळाशी थांबून एकदम वेग घ्यायचा असतो. नवख्यानं रंगाकडे पाहून घेऊ नयेत आणि रंगाकडे पाहून नाकारूही नयेत.

दुसरी पायरी: पाऊल

फिनचे दोन भाग: पाऊल जातं ते रबरी फूट पॉकेट आणि पुढचं पातं. सगळे पात्याबद्दल बोलतात. मी नवख्यांना सांगतो, सत्तर टक्के विचार पॉकेटचा करा. पॉकेट सैल असेल तर मांडीनं लावलेला जोर पात्यापर्यंत पोचतच नाही, टाच आत-बाहेर सरकत राहते आणि अर्ध्या तासात कातडी सोलते. घट्ट असेल तर तळव्यात गोळा येतो. आणि गोळा खाली 12 मीटरवर आला तर तो नुसत्या दुखण्याचा प्रश्न राहत नाही.

फ्रीडायव्हिंगसाठी पॉकेट बंद टाचेचंच हवं. मागे पट्टा असलेली, बूट घालून वापरायची फिन स्कूबाची. ती इथे नको.

दुकानात किंवा मित्राच्या घरी फिन घालून पाहायची पद्धत अशी. संध्याकाळी जा, कारण दिवसभर चालून पाऊल थोडं सुजलेलं असतं आणि पाण्यात बराच वेळ काढल्यावर ते साधारण तसंच होतं. जे निओप्रीनचे (वेटसूटच्या रबरी कापडाचे) मोजे तुम्ही पाण्यात घालणार तेच घाला. आपल्याकडच्या पाण्याला दीड ते तीन मिलिमीटर जाडीचे पुरतात. मोजे आणि पॉकेटचा आतला भाग ओला करा, थोडं शाम्पूचं पाणी लावा. पॉकेटची टाच उलटी दुमडा, चवडा शेवटपर्यंत आत सरकवा आणि मग टाच वर ओढून घ्या. कोरडं पाऊल कोंबून टाचेचं रबर जोरात ओढलं की तिथेच ते फाटतं. नवीन फिनचं असं झालं तर दुकानदार परत घेत नाही.

आता स्टुलावर बसा, पाय समोर सरळ करा आणि सोबत्याला पात्याचं टोक धरून हळूहळू वर-खाली करायला सांगा. टाच पॉकेटमधून उचलली जाता कामा नये. मग टोक किंचित डावी-उजवीकडे पिळायला सांगा. पाऊल आणि पॉकेट एकत्र वळले पाहिजेत. पॉकेट वळलं आणि पाऊल जागीच राहिलं तर ते रुंदीला सैल आहे. बोटं सरळ राहिली पाहिजेत, मुडपलेली नकोत. पुढच्या भोकातून ती थोडी डोकावली तर उत्तमच. पावलाच्या वरच्या फुगीर भागावर रबराची कड रुतते का पाहा. आणि मग तसेच पंधरा-वीस मिनिटं बसून राहा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे. पहिल्या दोन मिनिटांत सगळ्याच फिन्स छान बसतात; मुंग्या येतात त्या दहाव्या मिनिटानंतर.

मापाचे आकडे युरोपियन असतात आणि जोडीनं येतात: 40-41, 42-43, 44-45. आपला 8 नंबरचा बूट म्हणजे युरोपियन 42 च्या आसपास. पण या आकड्यांवर विसंबू नका, एका कंपनीचं 42-43 दुसरीपेक्षा अरुंद निघतं. आपल्यापैकी पुष्कळ जण चपला-सँडलांत वाढलेले, चवडा रुंद. त्यांना लांबीला बरोबर असलेलं पॉकेट बाजूनं आवळतं. ऑनलाइनच घ्यायची असेल तर कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची लांबी आणि चवड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा आणि विक्रेत्याला तीच कळवा. दोन्ही पावलं क्वचितच सारखी असतात. मोठ्या पावलाचं माप धरा, लहान पावलात जाड मोजा घाला.

किंचित सैल पॉकेटवर उपाय आहेत: जाड मोजा, किंवा टाच आणि घोट्याभोवती अडकवायची इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची रबरपट्टी. घट्ट पॉकेटवर मात्र उपाय नाही. "वापरून सैल होईल" असं कोणी म्हणालं तर मान डोलवा आणि दुसरी जोडी मागा.

तिसरी पायरी: कडकपणा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे, कारण कडकपणाचं एक सर्वमान्य माप नाही. कोणी सॉफ्ट, मीडियम, हार्ड लिहितं, कोणी 1, 2, 3 असे आकडे देतं, आणि एका कंपनीचं मीडियम दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टइतकंच निघू शकतं. म्हणून नावावर न जाता त्या कंपनीचा वजनाप्रमाणे दिलेला तक्ता पाहावा, आणि शंका असली की एक पायरी मऊ घ्यावी.

पातं म्हणजे सायकलचा गिअर समजा. जड गिअरवर एका फेरीत जास्त अंतर कापलं जातं, पण मांड्या भरून येतात. हलक्यावर फेऱ्या जास्त, पण दम टिकतो. घाटात नवखा माणूस जड गिअर लावून निघाला तर पहिल्या वळणावर उतरतो. कडक पातं वापरणाऱ्या नवख्याचं पाण्यात तेच होतं, फक्त ते पटकन दिसत नाही. पातं वाकत नाही म्हणून गुडघे वाकायला लागतात, किक मांडीतून न येता सायकल मारल्यासारखी येते, आणि ही खोड एकदा लागली की सुटायला वेळ लागतो. म्हणून जवळजवळ सगळ्या नवख्यांना माझं उत्तर सॉफ्ट किंवा सॉफ्टकडे झुकणारं मीडियम. वजन 85-90 किलोच्या पुढे असेल, किंवा फुटबॉल-सायकलिंगमुळे मांड्या दणकट असतील, तर मीडियम. हार्ड कुणालाच नाही. ज्याला हार्ड लागतं त्याला ते स्वतःच कळतं, तो विचारायला येत नाही.

मांडीइतकाच घोटाही महत्त्वाचा. किक मारताना पाऊल बॅले नर्तकीसारखं ताणलेलं राहावं लागतं. ते तुम्हाला जमतं का, हे पाहायला आपल्याकडे सोपी परीक्षा आहे: वज्रासनात बसा. पावलांच्या वरच्या बाजू जमिनीला टेकून पाच मिनिटं आरामात बसता आलं तर घोटे मोकळे आहेत. घोट्यापुढे ओढ बसत असेल, पावलाखाली टॉवेलची गुंडाळी घ्यावीशी वाटत असेल, तर घोटे आखडलेले आहेत. अशा माणसाला कडक पातं हमखास त्रास देतं. त्यानं मऊ पातं घ्यावं आणि रोज जेवणानंतर वज्रासनात बसावं. आजी सांगायची पचनासाठी. इथे फायदा घोट्याला.

दुकानात पातं हातानं वाकवून पाहताना किती वाकतं यापेक्षा कसं वाकतं ते पाहा. पॉकेटपासून टोकापर्यंत एकसारखी कमान झाली पाहिजे. नुसतं टोक लवत असेल किंवा पॉकेटच्या पुढे एकाच जागी घडी पडल्यासारखं होत असेल तर ती फिन सोडा.

चौथी पायरी: प्लास्टिक, फायबरग्लास की कार्बन

आता तो पहिला प्रश्न. प्लास्टिकचं पातं जड असतं, वाकल्यावर सरळ व्हायला जरा आळशी, पण मार खातं. होडीच्या काठावर आपटलं, वर कोणी पाय दिला, उन्हात विसरलं, तरी बहुतेक वेळा निभावतं. इटलीतल्या जेनोव्हाच्या क्रेसी कंपनीच्या गारा मालिकेतल्या फिन्स डाइव्ह सेंटरवर सर्रास दिसतात, त्या याच जातीच्या. शिकायला उत्तम.

फायबरग्लास मधलं. प्लास्टिकपेक्षा हलकं, परत उसळी चांगली, आणि कार्बनपेक्षा बऱ्यापैकी सोशीक. एस्टोनियाच्या लीडरफिन्ससारख्या कंपन्या यात वेगवेगळ्या कडकपणाची पाती देतात. कार्बन सगळ्यात हलकं आणि चपळ. वाकलं की चटकन सरळ होतं, त्यामुळे प्रत्येक किकचा मोबदला जाणवतो. पण कडेला खडक लागला की टवका उडतो, टोकाला चीर पडली की ती पुढे सरकते, आणि सामानाच्या पट्ट्यावर बॅग कशी फेकली जाते हे आपल्याला माहीत आहे.

किमतीचं ढोबळ प्रमाण असं धरा: चांगल्या प्लास्टिकच्या जोडीच्या साधारण दुप्पट फायबरग्लास आणि तीन-चार पट कार्बन. माझं मत विचाराल तर पॉकेट आणि पातं सुटं होणारी, स्क्रूनं जोडलेली फायबरग्लासची सॉफ्ट जोडी ही बहुतेकांसाठी शहाणपणाची खरेदी. पुढे खोली वाढली तर पॉकेट तेच ठेवून नुसती पाती बदलता येतात. मात्र प्रत्येक पातं प्रत्येक पॉकेटमध्ये बसत नाही, बाजूच्या रबरी दांड्यांमधलं अंतर आणि भोकांच्या जागा कंपनीगणिक बदलतात, तेव्हा जुळणी विचारूनच घ्या. बजेट कमी असेल तर प्लास्टिक घ्या, आणि वाचलेले पैसे कोर्सच्या पुढच्या स्तरावर किंवा आणखी चार दिवसांच्या सरावावर खर्च करा. त्यानं जेवढी खोली वाढेल तेवढी कार्बननं वाढणार नाही. 25-30 मीटरला नियमित जायला लागलात, किक सुधारली, खडकाला फिन लागत नाही, की मग कार्बनचं बघू.

बारीकसारीक

पातं पॉकेटशी सरळ रेषेत नसतं, थोडं खाली झुकलेलं असतं, बहुतेकांत 20 ते 30 अंशांच्या दरम्यान. पाऊल कितीही ताणलं तरी ते नडगीच्या पूर्ण रेषेत येत नाही. तो फरक हा कोन भरून काढतो. घोटा आखडलेला असेल तर जास्त कोन मदतीला येतो. लांबीबाबत नवख्यानं डोकं शिणवू नये. पात्याच्या कडांना रबराच्या उभ्या पट्ट्या असतात, त्या पातं बाजूला घसरू नये म्हणून. त्या सैल झाल्या की पुन्हा चिकटवता येतात. मोनोफिन, म्हणजे दोन्ही पाय एकत्र अडकवून माशाच्या शेपटीसारखं चालवायचं रुंद पातं, फोटोत फार देखणं दिसतं. स्वतःच्या बळावर गाठलेल्या सगळ्यात मोठ्या खोल्या त्याच्याच आहेत. पण पहिली फिन म्हणून नको. त्यात पाय मोकळे नसतात, आणि बडीला, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराला, मदत करायची वेळ आली तर नवख्याची फजिती होते.

पाचवी पायरी: पाण्यात तुलना करा

शक्य असेल तर दोन-तीन जोड्या उसन्या किंवा भाड्यानं घ्या आणि तलावात तुलना करा. ही तुलना पृष्ठभागावर, स्नॉर्कल तोंडात धरून, श्वास चालू ठेवून करायची. श्वास रोखून लांब्या (तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या फेऱ्या) मारत फिन्सची चाचणी एकट्यानं, तीही सोसायटीच्या तलावात, कधीही करू नका. पाण्याखाली शुद्ध हरपते तेव्हा आधी इशारा मिळेलच असं नाही. भराभर श्वास घेऊन मग बुडी मारणाऱ्याला तर आणखीच नाही, कारण त्यानं कार्बन डायऑक्साइड घटतो आणि श्वास घ्यायची ओढच उशिरा लागते. जीवरक्षक काठावर बसलेला असणं पुरेसं नाही. तुमच्यावरच नजर असलेला, कोर्स केलेला बडी पाण्यात हवा. चांगल्या फिन्सचा एक धोकाही आहे: त्या तुम्हाला सहज खाली नेतात, पण श्वास एका सेकंदानंही वाढवत नाहीत.

चाचणी अशी करा. हात समोर ताणून, डोकं पाण्यात, सारख्या आरामशीर गतीनं चार लांब्या. प्रत्येक लांबीचे किक मोजा. थोडं थांबून दुसरी जोडी घालून तेच. कमी किक लागले म्हणजे ती जोडी चांगली, असं लगेच ठरवू नका. चौथ्या लांबीनंतर मांड्यांत जळजळ होते का, ते जास्त महत्त्वाचं. किक दोन-तीनच जास्त पण पाय ताजे, तर तीच जोडी तुमची.

मग बडीला बाजूनं फोनवर व्हिडिओ काढायला सांगा, फोन वॉटरप्रूफ पाकिटात घालून. व्हिडिओ सावकाश चालवून तीन गोष्टी बघा. पहिली, किक कमरेतून निघते की गुडघ्यातून. दुसरी, पातं पुढे जाताना आणि मागे येताना सारखंच वाकतं का. बहुतेक नवख्यांचं पुढे जाताना छान वाकतं आणि मागे येताना सपाट राहतं, म्हणजे मागच्या किकमध्ये जोरच नाही. हा दोष फिन बदलून जात नाही, मांडीच्या मागच्या स्नायूंना कामाला लावून जातो. तिसरी, गुडघे वाकताहेत पण पातं वाकत नाही असं दिसलं तर फिन तुमच्यासाठी कडक आहे, तिच्यावर काहीही लिहिलेलं असो.

समुद्रात संधी मिळाली तर दोरीवर आठ-दहा मीटरच्या सोप्या बुड्या मारून बघा. बुडी मारताना पाय वर उचलले की लगेच किक सुरू करू नका. लांब पातं पूर्ण पाण्याखाली जाईपर्यंत थांबा, नाहीतर पहिला किक हवेत जातो.

खरेदी आणि प्रवास

भारतात लांब फिन्स हातात घेऊन बघायला मिळतील अशी दुकानं मोजकी आहेत. त्यामुळे बरेच जण परदेशातून मागवतात. तिथे छापील किमतीवर कस्टम्स ड्युटी आणि कुरिअरचा खर्च चढतो, तो आधी विचारून घ्या. दुबई-सिंगापूरला मावसभाऊ असेल तर तो आणून देईल, पण माप चुकलं तर परत द्यायला पुन्हा त्याचीच वाट बघावी लागते. उत्तम मार्ग म्हणजे कोर्सच्या गावातच, प्रशिक्षकाच्या देखत, पाण्यात घालून बघितलेली जोडी घेणं.

जुनी जोडी घ्यायलाही हरकत नाही. पॉकेटच्या टाचेची कड ताणून बारीक चिरा बघा. पातं पॉकेटमधून जिथे बाहेर येतं तिथे उजेडात वाकवून पांढरट रेघ दिसते का बघा. प्लास्टिक आणि फायबरग्लास तिथेच आधी थकतं. कार्बनच्या कडेवरून बोट फिरवा, पण जपून, कुसळ घुसतं. दोन्ही पाती एकमेकांना टेकवून सारखीच सरळ आहेत ना, तेही पाहा.

विमानात लांब फिन्स बॅगेत बसवता येतात. चेक-इन सामानाची सर्वसाधारण मर्यादा लांबी, रुंदी आणि उंची मिळून 158 सेंटीमीटर असते. मीटरभर लांब, 25 सेंटीमीटर रुंद आणि 15 सेंटीमीटर जाड बॅग 140 मध्ये बसते. अडचण वजनाची. पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आता श्री विजयपुरमच्या, विमानात साधारण 15 किलोच मिळतात, त्यात प्लास्टिकची जोडी दोन किलोच्या आसपास खाते. शिशाची वजनं घरून नेऊ नका, सेंटरवर असतात. वेटसूट पात्यांच्या मध्ये घडी घालून ठेवा, पाती सुरक्षित राहतात.

आणल्यावर

फिन्स घालून जमिनीवर चालू नका. पाण्यात उतरून किंवा होडीच्या काठावर बसूनच घाला. चार पावलं टाकावीच लागली तर उलटं चाला. प्रवाळावर उभं राहायचं नाही, फिनचं टोकही लागू द्यायचं नाही. लांब पातं आपल्या मागे कुठवर जातं याचा अंदाज यायला वेळ लागतो, आणि कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. सुरुवातीचे दिवस वाळूच्या तळावरच काढलेले बरे.

प्रत्येक वापरानंतर गोड्या पाण्यानं धुवा, तलावाच्या क्लोरीननंतरसुद्धा. स्क्रूच्या भोकात मीठ साचतं, तिथे पाणी जाऊ द्या. सावलीत वाळवा. भिंतीला टेकवून उभ्या ठेवू नका, प्लास्टिकला बाक येतो. पलंगाखाली आडव्या ठेवा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर नकोच. पॉकेटमध्ये जुन्या कागदाचे बोळे कोंबून ठेवले की रबर चपटं होत नाही. सनस्क्रीनचे हात रबराला पुसू नका.

आणि दोन्ही पॉकेटच्या आत पांढऱ्या मार्करनं नाव आणि डावा-उजवा लिहून ठेवा. सेंटरच्या होडीवर वीस काळ्या फिन्सचा ढीग असतो, आणि त्यातली तुमची नेमकी 42-43 मापाची असते, जी सगळ्यांनाच हवी असते.